देशांतर

आमचे वडील बंधू, ज्यांना सगळे घराणे दादा म्हणत असे, मोजणी खात्यात बत्तीस वर्षे चाकरी करून निवृत्त झाले. आणि ज्या गृहस्थाने उभ्या हयातीत दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी कायम केल्या, बांध कोणाचा आणि वहिवाट कोणाची याचे शेकडो तंटे तेहतीस फुटांची शंकू साखळी टाकून निकालात काढले, त्यालाच आपले स्वतःचे घर कोठवर पसरले आहे याची मोजणी उतारवयात करावी लागली. कारण त्यांचा एकुलता मुलगा अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात नोकरीस गेला आणि तेथलाच झाला. या मोजणीसाठी दादांनी एक वही घातली होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची, कचेरीतल्या खतावणीसारखी. आणि तीत रकाने आखलेले: तारीख, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, हवेतील तास, अंतर, शेरा. मुलगा मुंबईहून नेवार्कला गेला किंवा नेवार्कहून मुंबईस आला की एक ओळ भरावयाची. वेळा सगळ्या भारतीय प्रमाणवेळेत, कारण एका नकाशावर दोन मापे चालत नाहीत हा खात्याचा शिरस्ता. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असे: 'सुखरूप'.

अंतराचा रकाना खरे तर निरुपयोगी होता. दोन विमानतळांमधील अंतर प्रत्येक वेळी तेच असणार, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. तो आकडा एकदा लिहिला की पुढे 'सदर' म्हणून काम भागले असते. परंतु दादा तो दरवेळी पुरता लिहीत, आणि शेजारच्या रकान्यातले तास त्याच्याशी जुळेनात म्हणून मनात खट्टू होत. जाताना सोळा तास, येताना चौदा, कधी त्याहून थोडे अधिक. "साखळी तीच, जमीन तीच, आणि येताना एक माप नि जाताना दुसरे, असा मोजणीदार आमच्या खात्यात असता तर निलंबित झाला असता," असे ते मला म्हणाले होते. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात त्याचा, हा प्रताप आहे असे मी सांगितले. त्यावर त्यांनी अनेक सुशिक्षितांच्या मनात असलेली शंका काढली की, पृथ्वी पूर्वेकडे फिरते तर पश्चिमेकडे जाणाऱ्याला मुक्काम आपणहून जवळ यावयास हवा. तो येत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असते. चालत्या आगगाडीत उडालेली माशी डब्याच्या मागच्या भिंतीवर आपटत नाही तसेच हे. माशीचा दाखला दादांना पटला, पण आवडला नाही.

दुसरी अडचण अधिक खोल होती. भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून नेवार्कपर्यंत पट्टी लावली तर रेघ अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या उत्तर भागावरून आणि अटलांटिक महासागरावरून जाते. पण मुलगा सांगे की आसनासमोरच्या पडद्यावर विमान मध्य आशिया, रशिया, मग स्कॅंडिनेव्हिया, ग्रीनलंडचे बर्फ असे वर वर चढत जाताना दिसते. तेव्हा दादांनी नातवाने मागे ठेवलेला पृथ्वीगोल काढला, दोन टाचण्या टोचल्या आणि सुताचा धागा ताणला. धागा आपोआप उत्तरेकडे सरकला आणि चौसष्टाव्या अक्षांशाच्या आसपास जाऊन पुन्हा खाली उतरला. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा लहान तुकडा होय, आणि म्हणून मुंबईहून निघालेल्या माणसाने पश्चिमेस असलेल्या गावी जाण्यासाठी तोंड वायव्येच्याही बरेच उत्तरेस वळवावे लागते. हे सूत्र मी पुस्तकातून शिकलो होतो. दादा ते धाग्यातून शिकले, आणि बराच वेळ धागा बोटाने दाबून बसले. सपाट कागदावर बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला सरळ रेघ वाकडी असू शकते हे पत्करणे सोपे नव्हते.

त्यातून आकाशालाही हद्दी आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटच्या प्रकरणानंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैपर्यंत. २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय विमानांना पुन्हा तीच मनाई झाली. जुन्या काळी वाटेवरच्या संस्थानिकाचा राहदारी परवाना नसेल तर काफिल्याने वळसा घ्यावा, तद्वत विमाने वळसा घेऊ लागली. धागा तोच, टाचण्या त्याच. वाट मात्र लांबली. उलटही घडते. २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकवरची सुमारे १३,९०० किलोमीटरची नेहमीची वाट सोडून पॅसिफिकवरून सुमारे १५,३०० किलोमीटर गेले, आणि पाठीशी वारा असल्यामुळे आधीच्यापेक्षा लवकर, साडेचौदा तासांच्या आसपास पोहोचले. दिल्लीहून ते रविवारी पहाटे निघाले, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून शनिवारात शिरले आणि पुन्हा त्याच रविवारी सकाळी उतरले. ही बातमी दादांनी कापून वहीत चिकटवली होती, आणि खाली पेन्सिलीने लिहिले होते: 'लांबची वाट जवळची. तपास करावा.'

तपास करावयास ते राहिले नाहीत. एका माघ महिन्यात, मंगळवारी पहाटे सव्वाचार वाजता, पुण्यात राहत्या घरी त्यांनी देह ठेवला.

नेवार्ककडे तेव्हा सोमवारची संध्याकाळ होती, पावणेसहा वाजले होते. वहिनींच्या हातातला फोन मी घेतला आणि पुतण्याला सांगितले. दादांचा श्वास थांबल्यापासून त्याच्या कानी ते पडेपर्यंत सहा-सात मिनिटे गेली असतील. तो काही वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला, "काका, मी येईपर्यंत थांबाल ना?" रात्री नऊच्या विमानात त्याला जागा मिळाली. त्या विमानाचे चौदा-साडेचौदा तास, आधीचे विमानतळावरचे, नंतरचे मुंबईत सामान सोडवून घेण्याचे आणि घाटातून पुण्यास येण्याचे, असे सगळे धरून तो बुधवारी पहाटे अडीच-तीनच्या सुमारास दारात उभा राहणार होता. म्हणजे जवळजवळ एक अहोरात्र. घरात लगेच दोन पक्ष पडले. आमच्या थोरल्या मावशींचे म्हणणे की प्रेत रात्रभर घरात ठेवू नये, धाकट्या भावाने अग्नी द्यावा, शास्त्राला ते मान्य आहे. मुलगा आला की पुढची क्रिया करील. मावशी म्हणत होत्या त्यात अशास्त्रीय काही नव्हते. तरी आम्ही बर्फाची पेटी आणविली.

त्या पेटीजवळ बसून काढलेल्या दिवसात मला पहिल्यांदा जाणवले की अंतर या शब्दाचा आपण जो अर्थ करतो तो अगदीच पोरका आहे. साडेबारा हजार किलोमीटर, चौदा तास: यांपैकी कोणत्याही आकड्याने पुतण्या आमच्यापासून किती दूर होता हे सांगता येत नव्हते. वार्तेच्या हिशेबाने तो शेजारच्या खोलीत होता. देहाच्या हिशेबाने तो पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नव्हता. विमानात बसल्यावर त्याचा फोन बंद झाला, आणि त्या चौदा तासांत जे काही आम्ही करीत होतो, तुळस आणीत होतो, पंचा शोधत होतो, आल्यागेल्याशी बोलत होतो, ते त्याला अज्ञात, आणि तो आम्हाला अज्ञात. पूर्वीच्या काळी माणूस दूर असे तेव्हा वार्ता आणि देह दोन्ही एकत्रच दूर असत, बहुधा एकाच घोड्यावरून येत. आता वार्ता क्षणात पोहोचते आणि देह मागाहून येतो, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत माणसाला बसवून ठेवले जाते. ही फट आपल्या आजोबांना ठाऊक नव्हती.

आपल्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे मात्र नाही. आशौचाचा निर्णय करताना त्यांना 'देशांतर' कशास म्हणावे हे ठरविणे भागच होते, कारण देशांतरी मेलेल्या सपिंडाचे सूतक जवळ मेलेल्याहून वेगळे. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधू १६१२ चा, आणि आमच्या पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू अठराव्या शतकाच्या अखेरचा. या ग्रंथांच्या परंपरेत देशांतराच्या व्याख्यांची जी चर्चा आहे ती वाचताना मोजणी खात्यातल्या माणसाची आठवण व्हावी. एक पक्ष योजनांचा: कोणी साठ म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. हा दादांचा पक्ष. दुसरा पक्ष म्हणतो की मध्ये महानदी असेल, पर्वत आडवा असेल किंवा भाषा बदलत असेल तर ते देशांतर, मग स्थळ निकट का असेना. आणि तिसरा पक्ष, ज्याने मला त्या दिवशी चकित केले, तो असा की ज्या ठिकाणची वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही ते देशांतर समजावे. अंतर मोजण्यासाठी येथे साखळी नाही, कोस नाही, सूर्य नाही. मोजमाप आहे ते जासुदाच्या पायांचे आणि ऐकणाऱ्याच्या कानाचे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडले आणि ही वार्ता भेलशाच्या मुक्कामी नानासाहेब पेशव्यांस २४ तारखेस कळली, असे इतिहासात वाचतो तेव्हा लक्षात येते की त्या व्याख्येप्रमाणे बाप-लेकांमधील ते अंतर अगदी काठावरचे होते. मधल्या दहा दिवसांत विश्वासराव बापाच्या लेखी जिवंतच होते, आणि त्या लेखी जिवंत असण्यालाही शास्त्राने काही एक वजन दिले होते, कारण सूतक मरणापासून नव्हे, ऐकण्यापासून लागते. दहा दिवसांच्या आत ऐकले तर उरलेले दिवस. दहा दिवस उलटून गेल्यावर ऐकले तर तीन रात्री. वर्ष लोटल्यावर ऐकले तर नुसते स्नान. दुःखाला अशी उतरती भांजणी लावणे कोणाला निष्ठुर वाटेल. मला ती समंजस वाटते. दूरच्या माणसाला त्याच्या दूरपणाची सूट मिळावी, त्याने न पाहिलेल्या मरणाचे पुरते ओझे वाहू नये, एवढाच त्यात हेतू दिसतो.

तथापि या सुटीला एक अपवाद आहे. आईबाप वारले असता पुत्र कितीही दूरस्थ असो, कितीही उशिरा ऐको, ज्या दिवशी ऐकले त्या दिवसापासून त्याला पुरते दहा दिवस. चुलत्यांस, भावांस, पुतण्यांस देशांतर आहे. पुत्रास देशांतर नाही. आमच्या घरच्या गुरुजींनी हे वचन सांगितले तेव्हा ते सहज सांगून गेले, जणू पंचांगातली तिथी सांगावी. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकलो. योजनांचा पक्ष, नद्यांचा पक्ष, वार्तेचा पक्ष, या सगळ्यांवर मात करून एका नात्यापुरते अंतर रद्द ठरविण्याचा अधिकार शास्त्रकाराने घेतला तो कोणत्या आधारावर? देह दूर आहे ही तर उघड वस्तुस्थिती. ती नाकारण्याचे काही कारण त्याला खात्रीने दिसले असले पाहिजे.

गुरुजींपुढे आणखी एक पेच होता. मृत्यू पहाटे सव्वाचारचा. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणून एका मताने तो दिवस सोमवारच. दुसऱ्या मताने रात्रीचे तीन भाग करून शेवटचा भाग पुढच्या दिवसात धरावा, म्हणजे मंगळवार. हा घोळ पुण्यातल्या पुण्यात. आणि ज्याने ऐकले तो तर निःसंशय सोमवारच्या संध्याकाळी उभा होता, सूर्य नुकता मावळला होता. मग त्याचा दहावा दिवस कोणता? तिथीचे शास्त्र येथे उपयोगी पडेल असे मला वाटले होते. सूर्य आणि चंद्र यांत बारा अंशांचे अंतर वाढले की एक तिथी सरते, आणि ते सरणे पुण्याला आणि नेवार्कला एकाच क्षणी घडते. आकाशातले ते काटे कोणत्याही देशाच्या प्रमाणवेळेला ओळखत नाहीत. परंतु त्या दिवशीची तिथी कोणती हे ठरते स्थानिक सूर्योदयावरून, आणि तो जागोजाग निराळा. म्हणून न्यू जर्सीतील मराठी मंडळींची एकादशी कधी कधी आपल्याहून निराळ्या तारखेस येते, आणि ते त्यांचे पंचांग पाहून बरोबरच करतात. मुंबईने तर प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाल्यावरही आपली एकोणचाळीस मिनिटे मागची स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. सूर्य आमचा आहे, प्रमाणवेळेच्या मिर्झापूरचा नव्हे, असा तो बाणा होता, आणि धर्मदृष्ट्या मला त्यात चूक दिसत नाही. गुरुजींनी माझे हे सगळे विवेचन शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दहावा कोठे करणार? ओंकारेश्वरावर ना? मग ओंकारेश्वरावर जो सूर्य उगवेल तो मोजायचा. मंगळवारपासून धरा." पेच सुटला. कर्ता जेथे उभा राहील तेथला दिवस, एवढे ते म्हणाले, आणि दर्भाची मोळी सोडू लागले.

वैशेषिकांनी दूर-जवळचा हा प्रश्न कसा मांडला आहे ते मला त्या आठवड्यात रात्री जागताना आठवत राहिले. नऊ द्रव्यांत ते काल आणि दिक् या दोहोंना घेतात. दोन्ही एक, नित्य आणि सर्वव्यापी. त्यांचे तुकडे खरोखर पडत नाहीत. क्षण, मुहूर्त, पूर्व, पश्चिम हे भेद उपाधीमुळे, मुख्यतः सूर्याच्या गतीमुळे होतात. आणि मग चोवीस गुणांच्या यादीत ते परत्व आणि अपरत्व असे दोन गुण घालतात, म्हणजे दूरपणा आणि जवळपणा. आणि विलक्षण गोष्ट अशी की हेच दोन गुण ते स्थळालाही लावतात आणि काळालाही. पलीकडचे गाव जसे 'पर', तसा वडील माणूसही 'पर'. गाव दूर कशामुळे? माझ्यापासून तेथवर मधल्या वस्तूंच्या संयोगांची संख्या अधिक आहे यामुळे. माणूस वडील कशामुळे? त्याच्या जन्मापासून सूर्याच्या फेऱ्या अधिक झाल्या यामुळे. इथपर्यंत कोणताही मोजणीदार मान डोलवील. परंतु त्यांचा भाष्यकार प्रशस्तपाद याचे पुढचे म्हणणे असे की हा दूरपणा वस्तूत आपला आपण पडून राहिलेला नसतो. पाहणाऱ्याच्या ठायी 'हे याहून लांब' अशी अपेक्षाबुद्धी उत्पन्न झाली म्हणजे तो उत्पन्न होतो, आणि ती बुद्धी नाहीशी झाली की तोही नाहीसा होतो. संयोग राहतात, सूर्याच्या फेऱ्या राहतात, गावे आपल्या जागी राहतात. दूर असणे तेवढे संपते.

या सिद्धान्ताची परीक्षा वैशेषिकांचा सूत्रकार कणाद याच्या काळी झाली नसेल अशी विमानात होते. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो. साठाव्या अक्षांशावर तो वेग निम्म्यावर, ८३५ वर येतो. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरातला. म्हणजे मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघून उत्तरेच्या त्या वाटेने पश्चिमेस जाणारे विमान तेथे सूर्याच्या बरोबरीने धावू लागते. खिडकीबाहेर जी रात्र आहे तीच राहते, तासन् तास, आणि हिवाळ्यात पंधरा-सोळा तासांची एक सलग रात्र काढून उतारू नेवार्कला त्याच तारखेच्या सकाळी उतरतो. सूर्यपरिस्पंदाने, म्हणजे सूर्याच्या गतीने, काळ मोजणाऱ्याचा तेथे काटाच थांबला. मग त्या उतारूचे वय वाढले नाही काय? वाढले, त्याला भूक लागली, दाढी वाढली, पायांना सूज आली. वैशेषिक याचे उत्तर देईल की थांबली ती उपाधी, काल नव्हे. आणि हे उत्तर मला प्रामाणिक वाटते. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची अणुघड्याळे विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली, तेव्हा पूर्वेकडे गेलेली घड्याळे किंचित मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली किंचित पुढे गेली, काही अब्जांश सेकंदांनी. तेव्हा उपाधीपलीकडचा तो एकच अखंड काल सर्वांना सारखा आहे हेही आता तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. मात्र या अब्जांशांवरून जे लोक लगेच 'पहा, आपल्या ऋषींना हे ठाऊक होते' म्हणून उठतात त्यांच्याशी माझे जमत नाही. ऋषींना जे ठाऊक होते ते याहून कठीण होते.

वेदान्ताची बाजू मी मुद्दाम मागे ठेवली आहे. चौथ्या दिवशी एक स्नेही समाचाराला आले आणि पुतण्याला म्हणाले, जवळ काय नि दूर काय, आत्म्याला अंतर नसते, हा सगळा नामरूपाचा पसारा. सिद्धान्त म्हणून मी याला विरोध करणार नाही. उपनिषदांनी त्या तत्त्वाला दूरही म्हटले आहे आणि जवळही म्हटले आहे. परंतु विमानात चौदा तास बाप मेलेल्या मनाने बसून आलेल्या मुलाला हे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला अन्न हे ब्रह्म आहे म्हणून सांगण्यासारखे आहे. खरे असूनही ते त्याचे पोट भरीत नाही आणि सांगणाऱ्याची अब्रू मात्र जाते. पुतण्या नम्रपणे म्हणाला, "हो, काका," आणि उठून आत गेला. मला वाटते, अंतर मिथ्या आहे असे म्हणण्याचा अधिकार ते पायांनी ओलांडणाऱ्यालाच असावा. आळंदीहून पंढरपूरला मोटारीने पाच-सहा तासांत जाता येते हे वारकऱ्याला माहीत नसते असे नाही. तरी तो अडीचशे किलोमीटर मुक्कामामागून मुक्काम करीत चालतो, आणि वेळ वाचविण्याची भाषा त्याच्यापुढे काढली तर हसतो.

पुतण्याचे घर ज्या भागात आहे तेथून थोड्याच अंतरावर, नेवार्कच्या विमानतळापासूनही फार लांब नाही असे, रोझेल नावाचे गाव आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी तेथे मिसेस कार्पेंटर यांच्याकडे प्रथम राहिल्या. कलियुगात समुद्र ओलांडणाऱ्या द्विजाला प्रायश्चित्तानेही परत घेऊ नये असे कलिवर्ज्य प्रकरण सांगत असता, अठरा वर्षांची ती मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाली आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरली. मोजून एकोणसाठ दिवस. मधल्या काळात तिचे पती गोपाळराव कोणत्या वार्तेवर जगले असतील? फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेऊन आनंदीबाई परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच वारल्या, एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटरकडे पाठविण्यात आली, आणि न्यू यॉर्क संस्थानातील पोकीप्सीच्या स्मशानभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ती विसावली आहे. सपिंड नाही, सगोत्र नाही, भाषा निराळी, मध्ये एक सोडून दोन महासागर. देशांतराच्या तिन्ही व्याख्या येथे पुऱ्या होतात. आणि तरीही अस्थी कोणाकडे जाव्यात असा प्रश्न पडला तेव्हा वाट तिकडची धरली गेली. शास्त्राने पुत्रापुरते अंतर रद्द केले होते. या बाईंनी ते कोणाच्या परवानगीवाचून एकमेकींपुरते रद्द करून टाकले होते. हे मी पुतण्याला सांगितले तेव्हा त्याने रोझेलला आपण कित्येकदा किराणा आणावयास गेलो आहोत असे सांगितले, आणि आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसलो.

तेरावा झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो परत जावयास निघाला. विमान रात्री दीडचे. मुंबईपर्यंत मी पोहोचवायला गेलो नाही. वहिनींजवळ कोणी तरी हवे होते. तो गेल्यावर वहिनी झोपल्या नाहीत. पहाटे पाचच्या सुमारास, मी जागा आहे हे पाहून, त्यांनी विचारले, "आता कुठवर गेला असेल हो, भाऊजी?" हा प्रश्न त्या आजवर दादांना विचारीत आणि दादा वही न पाहता सांगत: आता समरकंदाच्या वर असेल, आता रशियात. मी नक्की काही सांगू शकलो नाही. कपाटातून लाल पुठ्ठ्याची वही काढली. शेवटची ओळ गेल्या दिवाळीची होती. तिच्या खाली, पुतण्या ज्या विमानाने दादांसाठी आला त्याची ओळ कोणी लिहिलीच नव्हती. आम्हा कोणाला ते सुचले नव्हते. मी दौतीची लेखणी शोधली, मिळाली नाही, तेव्हा पेन्सिलीनेच आधी ती राहिलेली ओळ भरली: मंगळवार, निघण्याची वेळ सकाळी साडेसात, पोहोचण्याची रात्री दहा, हवेतील तास साडेचौदा, अंतर बारा हजार पाचशे. शेऱ्याचा रकाना काय लिहावे ते न कळून तसाच ठेवला. मग खाली आजची ओळ घातली, निघण्याची वेळ एक वाजून तीस मिनिटे, आणि पुढचे रकाने मोकळे ठेवून वही वहिनींच्या आणि माझ्यामध्ये उघडी ठेवली. बाहेर पुण्यात उजाडत होते. त्याच्या खिडकीत उजाडायला अजून अकरा-बारा तास होते.